नसांचं दुखणं आणि मनातली धास्ती: विचारांची वही कोणत्या क्रमाने लिहायची आणि कुठे चुकतं

नसांचं दुखणं महिनोन्‌महिने टिकलं की कुणीतरी म्हणतंच, "निगेटिव्ह विचार करू नकोस." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा त्यातून दोनपैकी एक अर्थ काढतो. एक, 'म्हणजे माझं दुखणं खोटं.' दोन, 'म्हणजे हसतमुख राहिलं की ते जाईल.' पहिला अर्थ काढणारा चिडून विषयच सोडून देतो. दुसरा आरशासमोर उभा राहून 'मी बरा आहे' म्हणू लागतो, आठवड्याभरात थकतो आणि मग स्वतःलाच बोल लावतो.

मला नागीण होऊन गेली, पण डाव्या बरगड्यांवरची आग राहिली ती राहिलीच. पुरळ सुकलं, खपल्या पडल्या, कातडी दिसायला साफ. पण शर्टाची शिवण नुसती टेकली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. विचारांकडेही बघायला हवं, हे मला वेळेवर सांगितलं गेलं होतं. मी ते सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी विचारांशी भांडण, मग नोंद, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सगळ्यात शेवटी. पाच महिने फुकट गेले. पुढे कळ आल्यावर मनात येणारे विचार लिहून ठेवणाऱ्या इतरांच्या वह्या पाहिल्या तेव्हा तिथेही बहुतेकांचा क्रमच चुकलेला होता. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच घ्या. एखादी कंटाळवाणी वाटली तरी ओलांडू नका.

## आधी एवढं समजून घ्या

मज्जातंतूला इजा झाली, मग ती मधुमेहाने असो, नागिणीने, मणक्यातली गादी सरकून नसेच्या मुळावर दाब आल्याने किंवा केमोथेरपीच्या काही औषधांनी, की बाहेर काहीही घडलेलं नसताना तो संदेश पाठवत राहतो. हे संदेश खरे असतात. मात्र ते मेंदूपर्यंत जसेच्या तसे पोचत नाहीत. मेंदूच्या तळाकडून मज्जारज्जूकडे, म्हणजे उलट्या दिशेने, जाणारे मार्गही आहेत आणि ते येणारा संदेश दाबू शकतात तसे वाढवूही शकतात. काहीतरी धोका आहे असं वाटत असेल, लक्ष त्याच जागी खिळलं असेल, रात्रीची झोप झाली नसेल, तर पारडं वाढवण्याकडे झुकतं.

थोडक्यात, विचाराने नस बिघडत नाही. पण बिघडलेल्या नसेचा आवाज किती मोठा ऐकू येईल, त्यानंतर तुम्ही किती हलाल आणि रात्री किती झोपाल, या तिन्हींवर विचाराचा हात असतो. आपलं काम या तीन गोष्टींपुरतं आहे.

## तयारी: वही उघडण्याआधी

निदान हातात हवं. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की वैद्यकात त्याला जुनाट वेदना म्हणतात. पण जुनाट म्हणजे तपासायचं काही उरलं नाही, असं नव्हे. पायांची आग असेल तर रक्तातली साखर आणि बी-१२ तपासलेलं आहे का? कंबरेतून पायात कळ जात असेल तर पायाची ताकद आणि संवेदना डॉक्टरांनी हात लावून पाहिली आहे का? हे झालेलं नसताना विचारांवर काम सुरू केलं तर प्रत्येक भीती रास्तच ठरते. कारण ती खोटी आहे असं सांगणारं तुमच्याकडे काहीच नसतं.

डॉक्टरांकडून तीन उत्तरं लिहून आणा. दुखण्याचं कारण काय? कोणती हालचाल खरोखर टाळायची? कोणतं लक्षण दिसलं तर लगेच यायचं? उत्तरं तिथेच कागदावर उतरवा, घरी येऊन आठवून नको. हा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. 'जास्त चाललो तर नस तुटेल' हा विचार पुढे कधीतरी येणारच, आणि त्याला उत्तर देण्याचा अधिकार या कागदाला आहे, तुमच्या मूडला नाही.

औषधं चालू ठेवा. गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलीन ही या दुखण्याची नेहमीची औषधं. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागू शकतात, आणि मनाने एकदम बंद केली तर नवा त्रास उभा राहतो. ॲमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिनच्या कागदावर 'डिप्रेशनवरील औषध' असं वाचून अनेक जण गोळी बाजूला ठेवतात. यांना मी वेडी वाटते, असं माझ्याही मनात आलं होतं. ही औषधं मज्जारज्जूतल्या त्याच दाबणाऱ्या मार्गांना बळ देतात म्हणून दिलेली असतात. ॲमिट्रिप्टिलीनचा तर वेदनेसाठीचा डोसही सहसा नैराश्यासाठीच्या डोसपेक्षा कमी असतो.

कागदाची वही घ्या. मोबाईलवर नोंद ठेवायला माझा विरोध आहे, आणि कारण अगदी साधं आहे. रात्री नोंद करायला मोबाईल हातात घेतला की दोन मिनिटांत बोट 'नस कायमची खराब झाल्याची लक्षणं' शोधायला जातं.

> थांबा, हे आधी पाहा. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा, हातापायाची ताकद वाढत्या वेगाने कमी होणं, तापासोबत पाठदुखी, कारण नसताना वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला असताना नवं दुखणं: यांपैकी काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहिली दोन लक्षणं असतील तर थेट तातडीच्या विभागात जा.

## पायरी १: दोन आठवडे फक्त नोंद

या दोन आठवड्यांत काहीही सुधारायचं नाही. विचार बदलायचा नाही, चालणं वाढवायचं नाही. हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते.

पानावर चार रकाने आखा: वेळ आणि काय करत होतो, अंगाला काय जाणवलं, मनात आलेलं वाक्य, त्यानंतर काय केलं. नोंद दिवसातून दोन ठरलेल्या वेळी आणि जोराची कळ आली तर ती ओसरल्यावर करायची. दर तासाला दुखण्याला दहापैकी गुण देत बसू नका. तसं केलं की दिवसातून पंधरा वेळा आपणच त्या जागेला हाक मारतो, आणि ती ओ देते. गुण लिहायचेच असतील तर रात्री एकदा.

माझ्या वहीतली एक जुनी नोंद अशी आहे:

*रात्री ९:४०, कपड्यांच्या घड्या घालत होते. / डाव्या बरगडीखाली भगभग, मध्येच दोन चमका. / 'संपलं. आज पण झोप नाही. हे आता मरेपर्यंत.' / घड्या अर्धवट टाकून आडवी झाले, साडेअकरापर्यंत मोबाईलवर शोधत बसले.*

आता तिसरा रकाना पाहा. वाक्य जसं मनात आलं तसंच उतरवलंय. बहुतेक जण इथे 'निगेटिव्ह विचार आले' किंवा 'टेन्शन आलं' असं लिहितात. ते विचाराचं नाव झालं. विचार कागदावर आलाच नाही, त्यामुळे पुढच्या पायरीला हातात धरायला काही उरत नाही. शिवी आली असेल तर शिवी लिहा. कधी वाक्य येतच नाही, चित्र येतं: स्वतःला खाटेला खिळलेलं पाहणं, मुलांनी उचलून नेणं. मग चित्र लिहा.

चौथा रकानाही तितकाच महत्त्वाचा आहे. चमका दोनच होत्या. पण दोन तास कशात गेले, ते तिथेच दिसतं.

> तपासून पाहा. पहिल्या आठवड्याअखेर निदान दहा नोंदी हव्यात, आणि तिसऱ्या रकान्यातलं प्रत्येक वाक्य मोठ्याने बोलता येईल असं हवं. तसं नसेल तर आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## पायरी २: जाणीव आणि निकाल वेगळे करा

आता वहीतल्या मागच्या नोंदी वाचा आणि दुसऱ्या रकान्यातला प्रत्येक शब्द तपासा. हा शब्द अंगाला काय झालं ते सांगतो, की त्यावर निकाल देतो?

मराठीत जाणिवेचे शब्द रग्गड आहेत: ठणका, कळ, चमक, सणक, मुंग्या, झिणझिण्या, चुरचुर, भगभग, हुळहुळणं, सलणं, टोचणं, करंट लागल्यासारखं, बधिर, जड. यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो, आणि डॉक्टरांनाही 'खूप दुखतं'पेक्षा 'तळव्याला चुरचुर आणि रात्री करंट' यातून जास्त कळतं. याउलट असह्य, भयानक, जीवघेणं, वाट लागली, नको नको झालं हे निकालाचे शब्द. जीवघेणी कळ म्हणताना कळ हा एक शब्द अंगाचा आणि जीवघेणी हा मनाचा. दोन्ही खरेच, पण दोघांवर उपाय एक नाही.

लाल पेनने निकालाचे शब्द अधोरेखित करा आणि ते तिसऱ्या रकान्यात हलवा. दुसऱ्या रकान्यात उरेल ते फक्त चार गोष्टी सांगेल: कुठे, कसं, किती वेळ, कशाने बदललं.

इथे लोक एक वेगळीच चूक करतात. निकालाचे शब्द खोडून टाकतात, जणू ते लिहिणं हाच गुन्हा. खोडू नका. पुढचं सगळं काम त्यांच्यावरच होणार आहे.

काही दिवसांनी कळ येताच मनात आपोआप 'हां, चमक. बरगडीखाली. दोन' असं येऊ लागतं. दुखणं तेवढंच राहतं, पण त्याला कड येते, म्हणजे ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळतं. मला हे जमायला तीन आठवडे लागले. काहींना चार दिवसांत जमतं, आणि ते त्याबद्दल जरा जास्तच बोलतात.

## पायरी ३: विचाराची जात ओळखा

वेदनेबद्दलच्या टोकाच्या विचारांसाठी 'पेन कॅटस्ट्रोफायझिंग स्केल' नावाची १९९५ सालची एक प्रश्नावली आजही जगभर वापरतात. तिच्यात या विचारांचे तीन गट आहेत. मी त्यांना घरगुती नावं दिली आहेत.

घोळणारा विचार. 'थांबलं का? अजून आहे का? परत येतंय का?' हा वारंवार तपासत राहतो. याच्याशी वाद घालून उपयोग नाही, कारण तो कसलाही दावा करत नाही, नुसता फेऱ्या मारतो. यासाठी वेळ बांधून द्या: संध्याकाळी पंधरा मिनिटं, बसून, वहीसमोर. बाकी दिवसात तो आला की 'सहा वाजता' एवढंच म्हणायचं आणि हातात काम घ्यायचं. हात आणि डोळे दोन्ही गुंततील असं काम निवडा. टीव्हीसमोर बसून विचार छान घोळतो.

फुगवणारा विचार. 'आज पायात आग आहे, म्हणजे नस मरतेय, म्हणजे पाय जाणार.' हा दावा करतो, म्हणून हा तपासता येतो. पहिल्या पानावरचा कागद काढा आणि त्यात काय लिहिलंय ते पाहा.

हात टेकणारा विचार. 'माझ्या हातात काहीच नाही.' याला पुरावे देऊन पटवता येत नाही. कितीही सांगा, तो 'हो, पण' म्हणतो. याला उत्तर म्हणजे एखादी छोटी कृती, म्हणजेच पायरी ५.

क्रम चुकतो तो इथे. तिन्ही प्रकारांवर लोक एकच औषध लावतात: समजूत घालणं. घोळणाऱ्याशी वाद घातला की तो आणखी घोळतो, आणि हात टेकलेल्याला समजावलं की तो आणखी एकटा पडतो.

चौथा एक गट प्रश्नावलीत नाही, पण वहीत येतोच: खरे विचार. 'पूर्वीसारखं धावता येत नाही.' 'या दुखण्यापायी नोकरी गेली.' हे दुरुस्त करायचे नसतात. ते दुःख आहे. त्याच्यासमोर फुली मारून पुढे जाऊ नका. रडू आलं तर येऊ द्या, आणि त्या दिवशी पुढचा स्वाध्याय करू नका.

> सावधान. विचार दाबायचा प्रयत्न करू नका. 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असं सांगितलेल्या माणसांच्या मनात अस्वल वारंवार डोकावतं, आणि बंदी उठली की ते जास्तच येतं, हे १९८७ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. दुखण्याचंही तसंच आहे.

## पायरी ४: फुगवलेलं वाक्य पुन्हा लिहा

हे काम फक्त फुगवणाऱ्या विचारांसाठी, आणि दुसऱ्या दिवशी, दुखणं त्यातल्या त्यात शांत असताना. भर कळ चालू असताना वाक्य सुधारायला बसलात तर हरणारच. मग 'हेही जमत नाही' असं आणखी एक वाक्य पदरात पडतं.

नव्या वाक्यात एक गोष्ट घडलेली हवी आणि एक करता येण्याजोगी.

जुनं: 'आज पण झोप नाही. हे आता मरेपर्यंत.'

चुकीची दुरुस्ती: 'मला छान झोप लागेल. मी पूर्ण बरी होतेय.'

चालेल असं: 'काल साडेअकरापर्यंत जागी होते, पण मागच्या आठवड्यात चार रात्री आग असूनही झोप लागली. आज दहाला मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते.'

दुसरं वाक्य गोड आहे, पण रात्री नऊ चाळीसला त्यावर कोण विश्वास ठेवणार? नवं वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारा, दहापैकी किती पटतं? सहाच्या खाली असेल तर ते अजून जास्तच आशावादी आहे. आशा कमी करा, तपशील वाढवा. पटेपर्यंत.

अशी पाच-सहा वाक्यं पुरेत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एकशेचाळीस लिहिली, वेगवेगळ्या रंगांत. त्यांचं चालणं मात्र सुरूच झालं नव्हतं.

## पायरी ५: विचाराला अंदाज समजून करून पाहा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. 'दहा मिनिटं चाललो तर तीन दिवस झोपून राहावं लागेल' हा विचार म्हणजे एक अंदाज आहे, आणि अंदाज करून पाहता येतो.

पाया शोधा. तीन साध्या दिवशी, ना फार चांगल्या ना फार वाईट, ती हालचाल किती वेळ जमते ते मोजा आणि सरासरी काढा. सुरुवात त्या सरासरीच्या पाऊणपटीने करा. म्हणजे आठ, बारा आणि दहा मिनिटं चाललात तर सरासरी दहा आणि सुरुवात साडेसात मिनिटांनी. हे हास्यास्पद वाटेल. वाटू द्या.

आधी अंदाज लिहा. काय होईल, किती गुणांचं होईल आणि किती वेळ राहील. हे लिहिण्याआधी पाऊल उचलू नका. नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच निकालासारखा दिसतो.

घड्याळ पाहून थांबा. दुखलं म्हणून लवकर नाही आणि बरं वाटतंय म्हणून उशिरा नाही. 'दुखेपर्यंत चालायचं आणि मग थांबायचं' असं केलं की चालण्याचा शेवट रोज दुखण्यातच होतो आणि शरीर तेवढंच शिकतं.

त्याच दिवशी आणि दुसऱ्या सकाळी निकाल लिहा. आठवडाभर तेवढंच ठेवा. मग एक-दोन मिनिटं वाढवा.

माझा पहिला प्रयोग शर्टाचा होता. साध्या स्पर्शानेही दुखणं, ज्याला डॉक्टर ॲलोडिनिया म्हणतात, त्याच्या भीतीने मी चार महिने घरात सैल, उलटे घातलेले कपडे वापरत होते. अंदाज लिहिला: 'शिवण टेकली की नऊ गुणांची आग आणि ती रात्रीपर्यंत राहील.' जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला कपडा घेतला आणि दोन मिनिटं त्या जागेवरून हलक्या हाताने फिरवला. आग झाली, आठ गुणांची. म्हणजे अंदाजाचा पहिला अर्धा भाग जवळजवळ बरोबरच होता. पण ती वीस मिनिटांत नेहमीच्या पातळीवर आली. रात्रीपर्यंत काही राहिली नाही. 'रात्रीपर्यंत' हा शब्द मी त्या दिवशी वहीत गोल केला. महिनाभर रोज दोन मिनिटं करून मग शिवणीचा शर्ट अर्धा तास घालायला लागले. आग आजही होते. कपडे मात्र सुलटे घालते.

सर्वांत जास्त होणारी चूक चांगल्या दिवशी होते. एक सकाळ हलकी जाते, आणि माणूस राहिलेली सगळी कामं उपसतो. पुढचे तीन दिवस आडवा. मग वहीत येतं, 'बघा, हललं की वाढतंच.' हा पुरावा हालचालीविरुद्ध नाही, एकदम केलेल्या हालचालीविरुद्ध आहे. चांगल्या दिवशीही ठरलेलीच मिनिटं.

> सावधान. पायांना बधिरपणा असेल, विशेषतः मधुमेहात, तर चालण्याआधी आणि नंतर तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा डोळ्यांनी तपासा. बधिर जागेला जखम झाली तरी कळत नाही, म्हणून अनवाणी प्रयोग नाही. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवीही नाही. पुरळ, जखम किंवा फोड असलेल्या जागी कपडा फिरवण्याचा सराव करू नका. पहिल्या पानावर टाळायला सांगितलेल्या हालचालींवर प्रयोग होत नाही.

> तपासून पाहा. तीन आठवड्यांनी अंदाज आणि निकाल शेजारी शेजारी वाचा. बहुतेकांचे 'किती दुखेल'चे अंदाज बऱ्यापैकी जुळतात. 'किती वेळ राहील' आणि 'त्यानंतर काय होईल' हे अंदाज चुकलेले सापडतात का, ते खास पाहा.

## पायरी ६: भडक्याची चिठ्ठी आधीच लिहा

दुखण्याचा भडका उडणारच. तो उडाल्यावर योजना आखायची डोक्यात जागा नसते, म्हणून शांत दिवशी एका कार्डावर हा क्रम लिहून ठेवा:

१. तातडीच्या लक्षणांची यादी वाचा. त्यातलं काही आहे का? नसेल तर पुढे.
२. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी औषध सांगितलं असेल तर ते, सांगितल्या मापात.
३. पाच मिनिटं श्वास: सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ. मोजायचं फक्त सोडताना.
४. हालचाल अर्ध्यावर आणा. शून्यावर नको.
५. पायरी ४ मधलं तुम्हाला सर्वांत पटलेलं एक वाक्य. एकच.
६. चोवीस तास कोणताही मोठा निर्णय नाही: औषध बंद करणं, नवा उपचार सुरू करणं, नोकरी सोडणं, इंटरनेटवर शोधणं.

शेवटचं कलम मोडण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो. रात्री दोन वाजता कोणतीही जाहिरात खरी वाटते.

## घरच्यांना काय सांगायचं

फार नाही, दोन गोष्टी. 'आज कसं आहे?' हे दिवसातून एकदाच विचारा, आठ वेळा नको. आणि कळ आली की माझ्या हातातलं काम काढून घेऊ नका, मी मागितलं तरच मदत करा. प्रेमापोटी सगळं काम काढून घेतलं की हात टेकणाऱ्या विचाराला घरातच साक्षीदार मिळतो. 'तू फार विचार करतेस' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा.

## एकट्याने पुढे कधी जायचं नाही

वर सांगितलेल्या प्रश्नावलीत १३ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. तीसच्या पुढे गुण गेले तर सहसा ते जास्त मानले जातात. तुमचे तेवढे आले तर ही वही घेऊन वेदनेवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तिथे सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती) किंवा ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी (दुखणं असतानाही आपल्याला महत्त्वाच्या गोष्टी करत राहायला शिकवणारी पद्धत) सुचवली जाऊ शकते. अपेक्षा मात्र खरी ठेवा: जुनाट वेदनेवर सीबीटीचे पुष्कळ अभ्यास झालेत आणि त्यांत सरासरी फायदा छोटा दिसतो, तर केवळ नसांच्या दुखण्यावरचे चांगले अभ्यास थोडेच आहेत. सहा महिन्यांत आग विझेल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठा.

'जगून काय करायचं' असा विचार वहीत एकदा जरी आला, तरी तो पायरी ४ मध्ये घेऊ नका. तो आजच, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना, शब्दशः सांगायचा. एकटं राहू नका.

## सहा आठवड्यांनी वही वाचताना

रात्री लिहिलेले गुण हाताने झाका. बहुतेक जण तेच आधी पाहतात, 'सात होतं, साडेसहा झालं' म्हणतात आणि वही कपाटात टाकतात. आधी चौथा रकाना वाचा: कळ आल्यानंतर काय केलं? पहिल्या आठवड्यात 'आडवी झाले' किती वेळा आणि सहाव्यात किती वेळा, ते मोजा. मग झोपेच्या रात्री मोजा. त्यानंतर गुणांवरचा हात काढा.

चौथा रकाना बदललाच नसेल तर पायरी ५ वर परत या आणि सुरुवातीची मिनिटं निम्मी करा. दुसऱ्या रकान्यात नवी जागा, नवा बधिरपणा किंवा पूर्वी नसलेला अशक्तपणा दिसला तर कोणत्याही पायरीवर जाऊ नका. ते पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवा.